बंदी संपली, गर्दी वाढली: बड्या स्ट्रीमरांच्या बचावात फिरणाऱ्या दाव्यांना उत्तर

एखादा मोठा स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करून कमावणारा माणूस, लाइव्ह चालू असताना कुणाचा तरी अपमान करतो, कुणाला इजा करतो किंवा कुणाचं खासगी आयुष्य लाखो लोकांपुढे उघडं पाडतो. प्लॅटफॉर्म त्याच्यावर काही दिवसांची बंदी घालतो. एवढ्यावरच सोडलं म्हणून लोक चिडतात, आणि मग त्याच्या बचावाचा एक मजकूर फिरायला लागतो. शब्द दरवेळी थोडे वेगळे असतात, मुद्दे तेच:

‘त्याला शिक्षा झाली आहे, आता सोडा. नियम सगळ्यांना सारखेच आहेत. लाइव्ह म्हटलं की असं होणारच. समोरच्यांची संमती होती. कायमचं काढलंत तर तो दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर जाईल आणि आणखी बिघडेल. कुणाच्या पोटावर पाय आणू नका. आज त्याचं तोंड बंद केलंत, उद्या सगळ्यांचं कराल. नसेल आवडत तर बघू नका. आणि त्याने माफी मागितली आहे.’

हा मजकूर पुढे पाठवणारे सगळे अंधभक्त नसतात. अनेकांना मनापासून वाटतं की जमाव एका माणसाच्या मागे हात धुऊन लागला आहे. मी रोज स्ट्रीम बघते, एका छोट्या गेमिंग चॅनलची मॉडरेटर आहे, म्हणजे तिथल्या चॅटवर लक्ष ठेवते, आणि हे माध्यम मला फार आवडतं. म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देते आहे. दोन-तीन दाव्यांमध्ये तथ्य आहे, तेही मान्य करणार आहे.

‘शिक्षा झाली आहे, आता सोडा’

शिक्षा झाली असं कधी म्हणायचं? करणाऱ्याचं काहीतरी गेलं आणि पुन्हा तसं करताना तो दहा वेळा विचार करेल, तेव्हा. मोठ्या स्ट्रीमरला मिळालेल्या आठवड्याभराच्या बंदीत त्याचं नेमकं काय जातं, ते पाहा. तेवढे दिवस लाइव्ह करता येत नाही. यूट्यूबवर स्ट्राइक, म्हणजे नियम मोडल्याचा शेरा, आला तर नवं काही टाकता येत नाही, पण जुने व्हिडिओ जागेवर असतात आणि लोक ते बघत राहतात. ज्या प्रसंगामुळे बंदी आली त्याच्या क्लिप इतर सगळीकडे फिरतात आणि प्रत्येक क्लिपखाली त्याचं नाव असतं. त्याला कधी न पाहिलेले लोक नाव शोधत चॅनलवर येतात.

मग परतीचा दिवस उजाडतो. असा एखादा स्ट्रीम सुरुवातीपासून पाहिला नसेल तर एकदा नक्की पाहा. वेळ दोन दिवस आधीच जाहीर झालेली असते. पडद्यावर घड्याळ उलटं मोजत असतं, मागे मोठ्या आवाजात संगीत असतं आणि चॅट इतक्या वेगाने पळत असतं की एक ओळ वाचून होत नाही. तो खुर्चीत येऊन बसतो आणि डोनेशनचे आवाज सुरू होतात. प्रत्येक डोनेशनसोबत ‘वाट बघत होतो’, ‘तू नव्हतास तर मजा नव्हती’ असा निरोप येतो, तो मोठ्याने वाचला जातो आणि नाव घेऊन आभार मानले जातात. माफीची दोन वाक्यं होतात. त्यानंतर पुढचा तासभर विषय एकच, बंदी. कुणी तक्रार केली, कोण जळतं, प्लॅटफॉर्मने मेलमध्ये काय लिहिलं. प्रेक्षकांचा आकडा नेहमीच्या दिवसापेक्षा कितीतरी वर गेलेला असतो. ज्या व्यक्तीला त्रास झाला तिचं नाव निघालंच तर ते हसण्यासाठी निघतं.

गाय बीम, म्हणजे ‘डॉक्टर डिसरिस्पेक्ट’ या नावाने प्रसिद्ध असलेला स्ट्रीमर, जून 2019 मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या गेमिंग प्रदर्शनातून लाइव्ह होता. कॅमेरा चालू ठेवूनच तो सार्वजनिक स्वच्छतागृहात गेला. आतल्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. ट्विच या लाइव्ह स्ट्रीमिंगच्या प्लॅटफॉर्मने त्याच्यावर सुमारे दोन आठवड्यांची बंदी घातली. स्वच्छतागृहात अनोळखी माणसांचं लाइव्ह चित्रण केलं तर इतर कुठल्याही नोकरीतून माणूस त्याच दिवशी घरी बसला असता. इथे तो दोन आठवड्यांनी परत खुर्चीत होता, आणि भोवती तोच झगमगाट.

यूट्यूबची पद्धत बघा. आधी इशारा, मग पहिला स्ट्राइक म्हणजे एक आठवडा बंद, दुसरा म्हणजे दोन आठवडे, आणि 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनल जातो. 90 दिवस झाले की स्ट्राइक गळून पडतो. नकळत चुकणाऱ्यासाठी ही पद्धत चांगली आहे. पण ज्याने हा हिशेब पाठ केला आहे, त्याला अधूनमधून मर्यादा ओलांडणं परवडतं. आठवडाभराची सुट्टी, परतीची गर्दी, तीन महिन्यांनी पाटी कोरी.

माझं म्हणणं असं की दिवसांत मोजलेली शिक्षा मुळातच चुकीच्या मापाची आहे. तोच आठवडा छोट्या चॅनलला बुडवतो, कारण त्याचे चाळीस-पन्नास नेहमीचे प्रेक्षक दुसरीकडे वळतात. मोठ्याला तो प्रसिद्धी देतो. शिक्षा त्याच्या मिळकतीला आणि पोहोचण्याला लागली पाहिजे. त्या स्ट्रीमची सगळी कमाई गोठवावी, काही महिने त्याला पहिल्या पानावर आणि शिफारशींमध्ये दाखवू नये, जाहिराती बंद ठेवाव्यात. ही साधनं आजही प्लॅटफॉर्मच्या हातात आहेत. लोगन पॉलने डिसेंबर 2017 च्या अखेरीस जपानच्या आओकिगाहारा जंगलातल्या मृतदेहाचं चित्रण टाकलं. त्यानंतर यूट्यूबने त्याला वरच्या दर्जाच्या जाहिरातींतून काढलं आणि फेब्रुवारी 2018 मध्ये जाहिराती पूर्ण थांबवल्या. सुमारे दोन आठवड्यांत त्या पुन्हा सुरू झाल्या. हत्यार योग्य होतं, पण ते लगेच म्यान झालं.

‘नियम सगळ्यांना सारखेच आहेत’

कागदावर आहेत. सप्टेंबर 2021 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं छापली तेव्हा ‘क्रॉस-चेक’ नावाची व्यवस्था उघड झाली. प्रसिद्ध लोकांच्या पोस्टवर नेहमीची कारवाई लगेच होऊ नये म्हणून त्यांना वेगळ्या रांगेत ठेवलं जात होतं. 2020 मध्ये त्या रांगेत किमान 58 लाख वापरकर्ते होते. 2019 मध्ये फुटबॉलपटू नेमारने, त्याच्यावर आरोप करणाऱ्या स्त्रीची नग्न छायाचित्रं पोस्ट केली. ती काढून टाकायला एक दिवसाहून जास्त वेळ लागला आणि तोवर कोट्यवधी लोकांनी ती पाहिली होती. सामान्य माणसाचं अकाउंट अशा वेळी बंद होतं, त्याचं चालू राहिलं. हे स्ट्रीमिंग नव्हतं, पण नाव मोठं असलं की नियम कसा वाकतो ते यातून कळतं.

स्ट्रीमिंगमध्ये तर पैशाचा संबंध आणखी थेट आहे. जून 2023 मध्ये एक्सक्यूसी या स्ट्रीमरने किक या स्ट्रीमिंग प्लॅटफॉर्मशी केलेला दोन वर्षांचा करार सुमारे 7 कोटी डॉलरचा, आणि वाढून 10 कोटींपर्यंत जाणारा असल्याच्या बातम्या आल्या. मी त्याच्यावर इथे कुठलाही आरोप करत नाही. प्रश्न कराराच्या आकाराचा आहे. ज्या माणसासाठी कंपनीने एवढे पैसे मोजले, त्याच्या विरोधातली तक्रार तपासणारा पगारी कर्मचारी किती मोकळा असेल? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण इथे प्लॅटफॉर्मला लागू पडते.

आणि छोट्यांचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. मी ज्या चॅनलची मॉडरेटर आहे तो एकदा, विकत घेतलेल्या गेममधल्याच एका दृश्यावरून, यंत्रणेने आपोआप बंद केला. अपील केलं, ठरावीक मजकुराचं उत्तर आलं आणि कुणी माणसाने ते वाचलं असेल असं त्यातल्या एकाही वाक्यावरून वाटलं नाही. त्याच आठवड्यात एक बडा स्ट्रीमर एका मुलीच्या फोटोवर तासभर घाणेरडं बोलत होता आणि त्याचा चॅनल हिरव्या टिकमार्कसह चालू होता. चोराला सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. कठोर शिक्षा मागणाऱ्यांनी हेही मागायला हवं, नाहीतर वाढीव कठोरपणाची झळ पुन्हा छोट्यांनाच बसेल.

‘लाइव्ह म्हटलं की असं होणारच’

हा दावा सर्वात कमकुवत आहे. 14 मे 2022 रोजी अमेरिकेत बफेलो इथल्या सुपरमार्केटमधला गोळीबार हल्लेखोराने ट्विचवर लाइव्ह दाखवला. हिंसा सुरू झाल्यापासून दोन मिनिटांच्या आत ट्विचने तो स्ट्रीम बंद केला. प्रती इतरत्र पसरल्या हे खरं, पण मूळ प्रक्षेपण थांबवायला दोन मिनिटं पुरली, आणि तो चॅनल अगदी मूठभर लोक बघत होते. मग ज्या चॅनलकडे एका वेळी लाखभर लोकांचे डोळे लागलेले असतात, तिथे तासभर चाललेला छळ दिसत नाही, असं कसं मानायचं?

शिवाय लाइव्हला काही सेकंदांचा किंवा मिनिटांचा उशीर लावता येतो. मोठ्या चॅनलवर मॉडरेटरांची फौज असते. प्रेक्षकाने चॅटमध्ये एक वावगा शब्द लिहिला तर तो दिसायच्या आत पुसला जातो आणि लिहिणारा दहा मिनिटं गप्प केला जातो. हे काम मी स्वतः करते, त्यात फार काही अवघड नाही. तोच शब्द खुर्चीतल्या माणसाने उच्चारला की मात्र ‘लाइव्ह आहे, निघून जातं तोंडातून’. प्रेक्षकाला जी शिस्त लागते ती त्याला का लागू नये, याचं उत्तर मला आजवर कुठल्याच चाहत्याने दिलेलं नाही.

‘समोरच्यांची संमती होती’

इथे थांबून बोलायला हवं, कारण या एका वाक्याखाली फार काही लपवलं जातं.

फ्रान्समध्ये नीसजवळ कॉन्त नावाचं गाव आहे. तिथे 18 ऑगस्ट 2025 रोजी रफाएल ग्राव्हेन हा 46 वर्षांचा माणूस किकवर लाइव्ह चालू असताना मरण पावला. प्रेक्षक त्याला ज्याँ पोर्मानोव्ह म्हणून ओळखत. तो सलग स्ट्रीम बारा दिवसांहून जास्त काळ चालला होता. त्या चॅनलचा खेळच असा की त्याला आणि आणखी एका असहाय माणसाला साथीदारांनी मारायचं, ओरडायचं, झोपेतून उठवायचं, अपमान करायचा, आणि प्रेक्षकांनी पैसे पाठवायचे. आपल्याला कोंडून ठेवल्यासारखं वाटतंय, इथून निघायचंय, अशा आशयाचा निरोप त्याने आईला पाठवला होता. तो निरोपही स्ट्रीमवर वाचून दाखवला गेला.

हे अचानक उघड झालेलं नव्हतं. मीडियापार या फ्रेंच वृत्तसंकेतस्थळाने डिसेंबर 2024 मध्येच त्या चॅनलबद्दल सविस्तर लिहिलं होतं. सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली, जानेवारी 2025 मध्ये दोन साथीदारांना ताब्यात घेतलं आणि सोडलं. सगळे म्हणाले की हे ठरवून केलेलं नाटक आहे. ग्राव्हेननेही स्वतःला पीडित म्हणवून घेतलं नाही. कारवाई तिथेच थबकली आणि स्ट्रीम पुढचे सात-आठ महिने चालत राहिला.

शवविच्छेदनात मृत्यू मारहाणीमुळे झाल्याचं आढळलं नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. कुणी खून केला असं मी म्हणत नाही. मी म्हणते ते इतकंच की त्या चॅनलवर जे महिनोन्महिने चाललं, त्याला ‘संमती’ या एका शब्दाने पूर्ण संरक्षण मिळालं. ज्याची कमाई, ओळख आणि मित्र सगळं त्या एका खोलीत आहे, त्याचा होकार किती मोकळा असतो? पोलिसांसमोर ‘मला काही त्रास नाही’ म्हणणारा माणूस आईला वेगळं लिहितो, तेव्हा दोन्ही वाक्यं त्याचीच असतात, आणि त्यातलं सोयीचं वाक्य आपण निवडलेलं असतं. किकने साथीदारांवर बंदी घातली ती मृत्यूनंतर. पॅरिसच्या सरकारी वकिलांनी प्लॅटफॉर्मची चौकशी सुरू केली तीही मृत्यूनंतरच.

या प्रकरणात माझा राग प्रेक्षकांवरही आहे. पैसे पाठवणारे हात हजारो होते. पण प्रेक्षक विखुरलेले असतात, कुणालाच आपला वाटा दिसत नाही. एकत्र सगळं दिसत होतं ते प्लॅटफॉर्मला, आणि थांबवायचं बटणही त्याच्याच हातात होतं.

‘कायमचं काढलंत तर तो दुसरीकडे जाईल आणि आणखी बिघडेल’

यात अर्धं तथ्य आहे. लोक जातात. फेब्रुवारी 2023 मध्ये ट्विचने एडिन रॉस या स्ट्रीमरला ‘कायमचं’ काढलं, तो किकवर स्ट्रीम करत राहिला. किक हा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झालेला प्लॅटफॉर्म, त्यामागे स्टेक या ऑनलाइन कसिनोचे मालक आहेत, आणि सबस्क्रिप्शनच्या पैशातले 95 टक्के तो स्ट्रीमरला देतो. इतरांनी नाकारलेल्यांना तिथे लाल गालिचा मिळाला. 2025 मध्ये ट्विचने रॉसवरची कायमची बंदीही उठवली. ‘कायम’ म्हणजे दोन वर्षं, हे यातून बाकीचे सगळे शिकले.

पण ‘जाईल’ आणि ‘सगळी गर्दी सोबत नेईल’ यात फरक आहे. ऑगस्ट 2019 मध्ये निंजा हा त्या काळचा सर्वात लोकप्रिय स्ट्रीमर ट्विच सोडून मायक्रोसॉफ्टच्या मिक्सर या स्ट्रीमिंग प्लॅटफॉर्मवर गेला. त्याच्यावर बंदी नव्हती, उलट पाठीशी कंपनीचा पैसा आणि जाहिरात होती. तरी प्रेक्षक पुरेसे आले नाहीत आणि जुलै 2020 मध्ये मिक्सरच बंद पडला. लोकांना माणसाइतकीच जागेची सवय असते.

संशोधनही उपलब्ध आहे. ट्विटरने ॲलेक्स जोन्ससह तीन वादग्रस्त व्यक्तींना काढल्यानंतर काय झालं, याचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्याबद्दलच्या पोस्ट सरासरी नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या, आणि मागे राहिलेल्या समर्थकांची भाषाही कमी विषारी झाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात रेडिट या चर्चेच्या साइटवरून काढलेल्या दोन समूहांचा माग घेतला होता. त्यांनी स्वतःच्या साइट काढल्या. तिथे वर्दळ आणि नवे येणारे दोन्ही कमी झाले, पण एका समूहात उरलेले लोक अधिक कडवे झाले. म्हणजे काढल्याने उरलेला गाळ अधिक दाट होऊ शकतो, मात्र तो फार कमी लोकांपर्यंत पोहोचतो. शाळकरी मुलाच्या फोनवर शिफारस म्हणून येणारा स्ट्रीम आणि मुद्दाम शोधत जावं लागणारा स्ट्रीम, यात मला पहिल्याची जास्त भीती वाटते.

उलट, सौम्य शिक्षेने माणूस सुधारतो का हेही बघावं. ‘जॉनी सोमाली’ नावाने स्ट्रीम करणारा अमेरिकन तरुण 2023 मध्ये जपानमध्ये रेल्वेतल्या प्रवाशांना हिरोशिमा-नागासाकीवरून डिवचत होता. बांधकामाच्या जागेत घुसल्याबद्दल त्याला ओसाकात अटक झाली. पुढे एका रेस्टॉरंटच्या कामात अडथळा आणल्याबद्दल जानेवारी 2024 मध्ये 2 लाख येनचा दंड झाला. लाइव्हमधून ती रक्कम भरून निघायला फार दिवस लागत नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो दक्षिण कोरियात होता. युद्धकाळात लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या स्त्रियांच्या स्मारकाच्या पुतळ्याचं त्याने कॅमेऱ्यासमोर चुंबन घेतलं आणि एका दुकानात नूडल्स सांडून धिंगाणा घातला. तिथे मात्र त्याला देश सोडायला बंदी झाली आणि खटले उभे राहिले. इतक्या ठिकाणी इतकं करून तो तिथे खरोखर अडकला, कारण विमान पकडून निघून जाणं शक्य नव्हतं. गुन्ह्यांचा अभ्यास करणारे फार पूर्वीपासून सांगत आले आहेत की शिक्षेच्या कठोरतेपेक्षा ती नक्की होणार याची खात्री माणसाला जास्त रोखते. स्ट्रीमिंगमध्ये खात्री आहे ती परत येण्याची.

पोटावर पाय आणण्याबद्दल थोडक्यात. मोठ्या चॅनलवर एडिटर, डिझायनर अशी बरीच माणसं अवलंबून असतात, त्यांची काळजी खरी आहे. म्हणूनच मी सरसकट चॅनल उडवण्यापेक्षा कमाई गोठवण्याच्या बाजूची आहे. त्यातून आधी मदतनिसांचे पगार देता येतात. पण दारू पिऊन कुणाला उडवणाऱ्या टॅक्सीवाल्याचा परवाना काढून घेताना आपण त्याच्या घरातल्या माणसांचं कारण देऊन परवाना परत करत नाही. आणि ज्या दुकानातल्या पोरावर नूडल्स पुसायची वेळ आली, त्यालाही पोट आहे.

‘आज त्याचं तोंड बंद केलंत, उद्या सगळ्यांचं कराल’

हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. 3 जून 2022 च्या रात्री चीनमधला अतिशय लोकप्रिय विक्रेता-स्ट्रीमर ली जियाची लाइव्हमध्ये रणगाड्यासारखी दिसणारी आइस्क्रीमची मिठाई दाखवत होता. दुसऱ्या दिवशी तिआनमेन हत्याकांडाचा स्मृतिदिन होता, 1989 मध्ये लष्कराने रणगाडे आणून निदर्शकांना चिरडलं तो. प्रक्षेपण तुटलं आणि तो सप्टेंबरपर्यंत गायब झाला. परतला तेव्हा कुणीही काही स्पष्टीकरण दिलं नाही. अशी ताकद सरकारच्या किंवा कंपनीच्या हाती असावी असं कुणाला वाटेल? मला नक्कीच नाही. वाईट विनोद, शिव्या, न पटणारं राजकीय मत यांसाठी कुणाचा चॅनल जाऊ नये. मी बोलते आहे ते एखाद्या ठरावीक, ओळखता येणाऱ्या माणसाला पोहोचलेल्या इजेबद्दल.

गंमत म्हणून नव्हे, अगदी गांभीर्याने बघा, सौम्यपणाचं मूळही त्याच गुप्ततेत आहे. ट्विचने जून 2020 मध्ये डॉक्टर डिसरिस्पेक्टला कायमचं काढलं आणि कारण सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये तो यूट्यूबवर आला, तेव्हा पहिल्याच स्ट्रीमला एका वेळी पाच लाखांहून जास्त लोक होते. चार वर्षं तो अन्याय झालेला नायक म्हणून वावरला, त्या काळात त्याने गेम बनवणाऱ्या कंपनीची सहस्थापना केली. जून 2024 मध्ये ट्विचच्या एका माजी कर्मचाऱ्याने आरोप केल्यावर त्याने स्वतःच मान्य केलं की 2017 मध्ये एका अल्पवयीन व्यक्तीशी झालेले त्याचे खासगी संदेश कधीकधी अयोग्य वळणाला जात होते. आपण बेकायदा काही केलं नाही आणि त्या व्यक्तीला कधी भेटलो नाही, असंही तो म्हणाला. त्या आरोपानंतर त्याच्या कंपनीने त्याच्याशी संबंध तोडले आणि यूट्यूबने चॅनलची कमाई बंद केली. मधल्या चार वर्षांत ज्या आईबापांनी आपल्या मुलांना तो चॅनल बघू दिला, त्यांना काही कळायचा मार्ग नव्हता.

तोंडं बंद होऊ नयेत यावर उपाय म्हणजे कारण लेखी आणि उघड असणं. युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा 17 फेब्रुवारी 2024 पासून पूर्ण लागू झाला आहे. त्यात प्लॅटफॉर्मने कारवाईचं कारण संबंधित वापरकर्त्याला द्यायचं आहे, त्याला दाद मागता आली पाहिजे, आणि तक्रार करणाऱ्यालाही निर्णयावर दाद मागता आली पाहिजे. उघडपणे बेकायदा गोष्टी वारंवार टाकणाऱ्याला इशारा देऊन निलंबित करणं बंधनकारक आहे. हे सगळं स्ट्रीमरच्या संरक्षणासाठीही आहे. ज्यांना सेन्सॉरशिपची भीती वाटते त्यांनी अशाच तरतुदी मागाव्यात. शिक्षाच नको असं म्हटल्याने भीती जात नाही.

‘नसेल आवडत तर बघू नका’ याचं उत्तर वर येऊन गेलंच आहे. स्वच्छतागृहातली माणसं, रेल्वेतले प्रवासी, दुकानातला पोरगा यांच्यापैकी कुणीही तो चॅनल उघडला नव्हता. कॅमेरा त्यांच्याकडे चालत आला.

‘त्याने माफी मागितली आहे’

माफी मोठी गोष्ट आहे आणि ती मागणाऱ्याला परत यायची वाट असायलाच हवी. पण कॅमेऱ्याकडे बघून, चाहत्यांना उद्देशून, ‘कुणाचं मन दुखावलं असेल तर’ असं म्हणणं म्हणजे ज्याला इजा झाली त्याच्याशी एक शब्दही न बोलणं. अशी माफी बहुतेक वेळा जाहिरातदारांसाठी असते.

याहून बरं उदाहरण मला न्यूयॉर्कमध्ये दिसतं. 4 ऑगस्ट 2023 रोजी काई सेनाट या स्ट्रीमरने युनियन स्क्वेअरमध्ये प्लेस्टेशन वाटणार असल्याचं सांगितलं आणि हजारोंचा जमाव लोटला. दंगल झाली, माणसं जखमी झाली, गाड्यांची मोडतोड झाली, 65 जणांना अटक झाली. सेनाटवर दंगल भडकवल्याचा आरोप ठेवला गेला. मे 2024 मध्ये सरकारी वकिलांनी तो मागे घेतला, पण त्याआधी त्याला चौकाची देखभाल करणाऱ्या संस्थेला नुकसानभरपाई म्हणून सुमारे 57 हजार डॉलर द्यावे लागले आणि समाजमाध्यमांवर जाहीर माफी टाकावी लागली. त्याच्या कमाईच्या मानाने ही रक्कम फार नाही, हा आक्षेप मला पटतो. तरी त्यात नुकसान कुठे झालं ते ठरलं, त्याची किंमत ठरली आणि पैसा त्या जागेपर्यंत पोहोचला. तो तुरुंगात गेला नाही, जायला हवा होता असं मला वाटतही नाही.

प्लॅटफॉर्मना हे आज करता येईल. परतीच्या पहिल्या स्ट्रीमची कमाई ज्याला इजा झाली त्याच्याकडे जावी. त्याला हवं असेल तर त्याचं म्हणणं त्याच चॅनलवर, तेवढ्याच प्रेक्षकांपुढे लागावं, आणि चॅट त्या वेळी बंद असावं. पुढच्या वर्षभरात तसंच पुन्हा घडलं तर आधीची चूक मोजणीत धरावी. आणि ज्या क्लिपमध्ये त्या माणसाचा अपमान आहे ती अजून चॅनलवर कमावत असेल, तर परत येण्याच्या परवानगीचा विचार करण्याआधी ती उतरवून घ्यावी.